लेनीच्या खिडकीबाहेरचा बर्फ

ईरी, १४ नोव्हेंबर

लेनी,

फोन तू उचलत नाहीस. उचलला नाहीस की तुझाच तो लोण्यात घोळलेला आवाज येतो, "हॅलो हॅलो, लेनी आत्ता स्टुडिओत आहे!" स्टुडिओ कसला, कपाट. कोट बाजूला सारून माईक ठेवलायस तिथं, तूच सांगितलं होतंस. म्हणून हे पत्र. निदान फाडायला तरी तुला हात हलवावे लागतील.

तर, काल सकाळी सहा वाजता तुमच्या रेडिओ स्टेशननं नाताळ सुरू केला. थँक्सगिव्हिंगची टर्की अजून दुकानातून घरी आली नाही, माझ्या पायरीवरचा हॅलोविनचा भोपळा अजून धड सडला नाही, आणि तुमच्याकडं घंटा वाजायला लागल्या. आता पंचवीस डिसेंबरपर्यंत दुसरं गाणं म्हणून लागायचं नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या स्टेशननं आधी सुरू केलं म्हणे, म्हणून यंदा तुम्ही त्यांच्या नाकावर टिच्चून पुढं. पपांच्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात यावर पैज लागली होती, कोण आधी आणि कुठल्या आठवड्यात. पपा जिंकले. बक्षीस काय, तर मिसेस ह्रिंडाचा पुडिंगचा वाडगा. तिला साखर बंदच आहे, त्यामुळे हरल्याचं तिलाही वाईट वाटलं नाही.

पण मी गाण्यांबद्दल लिहायला बसले नाही. पहिलं गाणं संपल्यावर तू बोललास. "सुप्रभात, ईरी! माझ्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरतोय, कॉफी वाफाळतेय, आणि स्वयंपाकघरात आई पिरोगी भरतेय."

लेनी, तुझ्या खिडकीबाहेर ताडाची झाडं आहेत. फ्लोरिडात, तुझ्या टॅम्पात, बर्फ पडतो तो ग्लासात. आणि आईला जाऊन चार वर्षं झाली. तिला पुरलं त्याच दुपारच्या विमानानं तू परत गेलास, दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग राहिलं होतं म्हणून. ते मी विसरलेले नाही. पण आज तो विषय नको.

पपा ऐकतात रे. सप्टेंबरात तुझा आवाज पहिल्यांदा इथल्या रेडिओवर आला तेव्हा त्यांनी अख्खा मजला गोळा केला होता, "माझा लेनी गावात परत आला!" त्या रविवारी तुझा फोन आला, त्यांनी विचारलं, तर तू काय म्हणालास? "हो पपा, आता रोज सकाळी ईरीत." वा रे वा. तिथंच सांगितलं असतंस की बसलाय टॅम्पात, इथं येतो तो फक्त आवाज, तर काय जीभ झडली असती?

काल पिरोगीचं ऐकून ते हसले. "तिच्या पिरोगी नेहमी उकळत्या पाण्यात फुटायच्या, बटाट्याचं सारण बाहेर," म्हणाले. मग खिडकीकडं बघितलं. बाहेर खरंच बर्फ होता. म्हणाले, "बघ बर्नी, त्याच्याकडंही पडतोय. स्टेशन इथून दहा मिनिटांवर. मग हा येत का नाही गं?"

मी म्हटलं, नाताळाचं काम फार असतं पपा. तुझ्यासाठी थापा मारायच्या आणि त्याही तुझ्याच बापाला, वर बिनपगारी.

त्यांचं डोकं साफ शाबूत आहे. हृदय गेलंय. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पुढचा नाताळ धरून चालू नका. तेव्हा या नाताळाला ये. एवढंच मागणं आहे.

बर्नी


२२ नोव्हेंबर

लेनी,

एवढ्या लांब पत्राला तुझं उत्तर फोनवर चार ओळींचं. "बर्न, जानेवारीपर्यंत जमणं अशक्य. सहा शहरांचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. मी कुठून बोलतो ते सांगायचं नाही असं करारात आहे, पपांना बोलू नकोस. ते खूश आहेत ना?"

सहा शहरं! म्हणजे सहा खिडक्यांबाहेर बर्फ, आणि सहा स्वयंपाकघरांत सहा आया. बाकीच्या पाच काय करतायत रे? एखादी तरी पिरोगी सोडून दुसरं काही करत असेल, की सगळ्यांच्या हाती तू आपल्या आईचंच पीठ दिलंयस?

मंगळवारचं सांगते. ईरी सरोवरावरून असा बर्फ आला की मी चालवते ती शाळेची बस टेकडीच्या पायथ्यालाच फसली. पूर्वी अशा सकाळी रेडिओ लावला की कुठल्या शाळा बंद ते वाचून दाखवायचे. आपण दोघं पांघरुणात कान टवकारून बसायचो, आठवतं? मंगळवारी मी लावला, तर तू सांगतोयस, "काय सुंदर निरभ्र सकाळ आहे, ईरी!" आणि मग घंटा. बर्फ खोऱ्यानं उपसत होते मी तुझ्या निरभ्र सकाळी.

मला एवढा राग आला की बस बर्फातून निघाल्यावर सरळ तुमच्या स्टेशनवर गेले. म्हटलं, कुणाला तरी धरून चार शब्द सुनावते. काचेचं दार बंद. आत एक दिवा, एक खुर्ची, एक चालू कॉम्प्युटर. माणूस नाही. घंटी वाजवली, दार ठोकलं, वर भोंग्यातून तू मला नाताळाच्या शुभेच्छा देत होतास.

हे बघ, दोन वाटा आहेत. एक तर ये. नाहीतर मला सांगू दे, की लेनी लांब आहे, म्हणून येत नाही. लांबचा मुलगा आला नाही तर बाप समजून घेतो. दहा मिनिटांवरचा येत नाही, हे त्यांनी कुठं ठेवायचं? परवा मिसेस ह्रिंडा सगळ्यांसमोर पपांना म्हणाली, "काझिमीर, तुझा मुलगा सगळ्या गावाला गुड मॉर्निंग करतो, तुला सोडून." पपांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि परत उचलला नाही.

बर्नी


३० नोव्हेंबर

लेनी,

खरं सांग. काल तू इथं होतास का?

काल चौकात नाताळच्या झाडाचे दिवे लावायचा कार्यक्रम होता. आठवडाभर तू रेडिओवर ओरडत होतास, "शुक्रवारी संध्याकाळी चौकात भेटू, आम्ही सगळे तिथं असू, येऊन हात मिळवा!" मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला काय माहीत, कुणीतरी ते खरं धरून बसलंय.

पपांनी आश्रमात काम करणाऱ्या रोझेटाला सांगितलं, बर्नी खाली गाडी घेऊन थांबलीय. आईच्या दफनाला घातलेला टाय घातला. टॅक्सी बोलावली. वॉकर घेऊन, श्याऐंशी वर्षांचा माणूस, त्या बर्फात चौकात गेला. मला फोन आला तेव्हा मी बस धूत होते. तशीच ओल्या हातांनी निघाले. मी पोचेपर्यंत टॅक्सीवाला त्यांना परत घेऊन आला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेले, ओठ निळे, आणि डोक्यावर तुमच्या स्टेशनची लाल टोपी.

मी तोंड सोडणार होते, पण त्यांनी संधीच दिली नाही. जेवणघरात बसून सगळ्यांना सांगत होते. लेनी भेटला. हात मिळवला. स्वतःच्या हातानं टोपी घातली. "गर्दी एवढी होती, त्याला बोलायला सवड कुठली! पण म्हणाला, पपा, थंडीत कशाला आलात."

मिसेस ह्रिंडानं विचारलं, "दिसतो कसा?"

"जाड झालाय," पपा म्हणाले. "तेलकट खात असणार."

तिनं त्यांच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. 

आता मला सांग, तू ईरीत येऊन गेलास? बापाच्या डोक्यावर टोपी ठेवलीस आणि बहिणीला साधा फोन नाही? मी खाली गाडीत बसून रडले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. आधी आनंदानं रडले, आला एकदाचा म्हणून, आणि मग रागानं. माझ्या घरात तुझी खोली झाडून ठेवलेली असते हे तुला माहीत आहे.

उत्तर दे.

बर्नी


७ डिसेंबर

लेनी,

तुझा फोन आला तेव्हा मागं पोहण्याच्या तलावात मुलं ओरडत होती. "मी? ईरीत? बर्न, मी वर्षभरात टॅम्पाबाहेर गेलेलो नाही." बरं झालं सांगितलंस. मग मी विचार करत बसले, म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, यांचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं चालतं.

काल सुपरमार्केटच्या दारात तुमच्या स्टेशनची गाडी उभी होती, गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करायला. गाडीत तुझा आवाज, गाडीबाहेर ब्रिन नावाची कॉलेजातली एक पोरगी, लाल टोपी घालून कुडकुडत. मी विचारलं, चौकातही तूच होतीस का, वॉकरवाले आजोबा आठवतात का?

"अय्या, ते टायवाले? हो की! त्यांनी विचारलं, लेनी कुठाय. मी म्हटलं, आजोबा, लेनी फ्लोरिडात असतो, आम्हीसुद्धा त्याला कधी बघितलेलं नाही. तर म्हणाले, हो हो, मला ठाऊक आहे, तुझी गंमत केली. मग समोरच्या बाकावर जाऊन बसले. बर्फ पडत होता, मी म्हटलं आत गाडीत बसा, तर नको म्हणाले. कितीतरी वेळ बसले होते हो. मग उठून आले आणि म्हणाले, बाळ, ती टोपी एक मिळेल का?"

लेनी, ती पोरगी शून्याखालच्या थंडीत हसत हसत मला हे सांगत होती, आणि मी गाडीतल्या खेळण्यांकडं बघत होते.

म्हणजे त्यांना माहीत आहे. आठ दिवस झाले, माहीत आहे. तरी सकाळी सहाला रेडिओ लागतो. तरी रोझेटाला "श्श, लेनी बोलतोय." तरी तुझ्या खिडकीबाहेर बर्फ पडला की स्वतःच्या खिडकीबाहेर बघतात. अख्ख्या मजल्यासमोर तुझी लाज त्यांनी झाकली, आणि माझ्यासमोरही. मी त्यांना थापा मारतेय, ते मला मारतायत, तू आम्हा दोघांना. आपल्या घरात आता सगळेच आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं बोलतात.

मला ठाऊक आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करू? ती टोपी काढून घेऊ?

बर्नी


१९ डिसेंबर

लेनी,

चोवीस तारखेला येतोस, हे वाचून मी आधी खुर्ची धरली. मग पुढचं वाचलं आणि सोडली.

म्हणजे कंपनीनं तुला काढलं. एक तारखेपर्यंत तू, दोन तारखेपासून दुसरा कुणीतरी, सहा नाही तर सोळा शहरांसाठी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षं तू या धंद्यात हाडं झिजवलीस. पण मला एक सांग. बाप मरायला टेकलाय, तेव्हा तुला सवड नव्हती. नोकरी गेली, तेव्हा झाली. आम्ही उरलेल्या वेळातले, असंच ना?

जाऊ दे. ये. मला कुठल्या कारणानं येतोस याच्याशी भांडायचं नाही, भांडण मी नंतरसाठी ठेवलंय.

पपांना मी काही सांगितलेलं नाही. ऐन वेळी तू विमान चुकवलंस तर मी कुठल्या तोंडानं सांगू? जाड कोट घे. तुझ्याकडं नसेल, तर माझ्या नवऱ्याचा जुना आहे. फुलं, फळं काही नको, त्यांना चालत नाही. मी बिटाचं सार आणि मासा घेऊन जाते. चर्चमधून नाताळचा तो कागदासारखा पातळ वेफर आणलाय. दर वर्षीसारखं जेवणाआधी तो एकमेकांना मोडून द्यायचा, झालं गेलं माफ म्हणायचं, आणि मग खायचं. विसरला नसशीलच. तू विसरला असलास तरी पपा विसरलेले नाहीत.

आणि नोकरीचं त्यांना कोण सांगणार, ते तू ठरव. मी आता तुझ्या वतीनं एक शब्द बोलणार नाही.

बर्नी


२७ डिसेंबर

लेनी,

तू बघितलंस ते तुला माहीत आहे. तू गेल्यावर काय झालं ते माहीत नाही. आणि पार्किंगमध्ये मी तुला जे सांगितलं, ते खोटं होतं. म्हणून लिहितेय.

तू दारात उभा राहिलास तेव्हा खिडकीतल्या रेडिओवर तूच बोलत होतास, नाताळाच्या आदल्या संध्याकाळचा तुझा तो खास कार्यक्रम. "आज सगळी माणसं आपापल्या घरी पोचली असतील." पपांनी माझ्याबरोबर वेफर मोडला होता, रोझेटाबरोबर मोडला होता. तू म्हणालास, "मेरी ख्रिसमस, पपा." त्यांनी तुला बुटांपासून केसांपर्यंत बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते, मी तुझ्यापेक्षा नीट बघितलं. मग म्हणाले, "श्श. माझा मुलगा बोलतोय." आणि आवाज मोठा केला.

तू वेफर पुढं धरून उभाच. रोझेटानं खुर्ची दिली, बसला नाहीस. गाणं झालं, तू रेडिओवर परत बोललास, परत गाणं. ते खिडकीकडं तोंड करून ऐकत राहिले. शेवटी वेफर माझ्या बशीत ठेवून तू निघालास.

पार्किंगमध्ये तू म्हणालास, "त्यांनी मला ओळखलंच नाही, बर्न." मी म्हटलं, औषधं रे, संध्याकाळी असंच होतं. तू लहानपणीसारखा माझ्या खांद्यावर रडलास. मला तुझी दया आली, म्हणून बोलले तसं. आता येत नाहीये, म्हणून खरं सांगते.

मी वर गेले तर रेडिओ बंद होता. तुझा कार्यक्रम अजून चालू असताना त्यांनी बंद केला होता.

"गेला?" म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? लेनी. जाड कुठला, पार वाळलाय. कोट कुणाचा होता तो?"

मी म्हटलं, "पपा, ओळखलंत तर असं का केलंत? पोरगा हात पुढं करून उभा होता."

त्यांनी ब्लँकेटची किनार चिमटीत धरली. मग म्हणाले, "रेडिओवरचा रोज सहाला येतो. खोटं का होईना, येतो. हा वेफर मोडणार, माफी घेणार आणि विमानात बसणार. मग मी पुन्हा इथं, आणि त्याचं मन हलकं. एवढं स्वस्तात नाही द्यायचं मला. पाहिजे असेल तर उद्या येऊ दे परत."

"उद्या आला तर?"

"तर उद्या बघू."

लेनी, पंचवीस तारखेला त्यांनी सकाळीच दाढी करून घेतली. टाय घातला. तू ठेवून गेलेला वेफर बशीत घालून टेबलावर ठेवायला लावला. रोझेटानं रेडिओ लावू का विचारलं, तर नको म्हणाले. तू खोलीत झोपलायस असं समजून मी एकटीच तिथं गेले, आणि सकाळपासून तुला फोन करत होते. तोच लोणी लावलेला आवाज. दुपारी तुझा निरोप आला, "पहाटेचं विमान मिळालं, तुला उठवलं नाही." पपांना मी तो वाचून दाखवला. या वेळी थाप मारली नाही. त्यांनी ऐकून घेतलं, टाय सोडवायला सांगितला, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

सव्वीसला तुमच्या स्टेशननं नाताळ बंद केला. एका रात्रीत घंटा गायब, परत तीच वर्षभराची गाणी. पपांनी सहाला लावला, तू म्हणालास सुप्रभात. ऐकलं त्यांनी. काल जेवले नाहीत. आज थोडं सार घेतलं. पाय सुजलेत, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. डॉक्टरीणबाई आता नाताळाबद्दल काही बोलत नाहीत, आठवड्याबद्दल बोलतात.

दोन तारखेपासून रेडिओवर तू नसशील. ते सहाला लावतील आणि कुणीतरी परका त्यांना सुप्रभात म्हणेल. हे त्यांना अजून माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. त्याआधी तू इथं त्या खुर्चीत बसलेला असायला हवास. नोकरी नाही, सकाळ मोकळी आहे, आता कसली सबब सांगणार? ते श्श म्हणतील. गप्प बसायचं. तोंड फिरवतील, बसून राहायचं. दुसऱ्या दिवशी परत यायचं, तिसऱ्या दिवशी परत. वेफर मोडायचा की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.

आणि नाही आलास, तर रेडिओवरचा लेनी मेला असं मी त्यांना सांगेन. तो एकच होता त्यांचा.

बर्नी